जयवंताच्या मळ्यातलं वळण

वांग्याच्या वाफ्यात तांबडं निशाण रोवलेलं दिसलं, तशी जयवंताबाईनं डोक्यावरची टोपली खाली आपटली.

"हे कोन्या भैताडानं रोवलं रे इथी?"

मोजणीची साखळी धरून उभे असलेले दोन मजूर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. छत्रीखालचा ओव्हरसियर हरिहर मात्र दचकला. अमरावतीच्या वकिलाचा मुलगा तो, नोकरीला लागून सहा महिने झालेले. भैताड म्हणून त्याला घरात कोणी हाक मारली नव्हती.

"बाई, नवी सडक जायची आहे इथून. गावाबाहेरून. वरचा हुकूम आहे."

हुकमाचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. कापसाच्या हंगामात एका गोऱ्या साहेबाची मोटर वेशीत दोन बैलगाड्यांच्या मध्ये अशी फसली, की साहेबाला खिडकीतून ओढून काढावं लागलं. ओढताना विजार मागून टरकली. विजार शिवता आली असती, पण साहेबानं सडकच गावाबाहेर काढायला लावली.

जयवंतानं निशाणांच्या रांगेवरून नजर फिरवली. रांग उगवतीकडून सरळ येत होती ती पंजाबराव पाटलाच्या कपाशीच्या पऱ्हाटीपर्यंत. पाटलाच्या बांधापाशी मात्र ती अशी मुरडली होती, की त्याचं एक बोंडही न दुखवता थेट जयवंताच्या मळ्यात शिरत होती.

"काहो साहेब, बैल चालता चालता मुतला, अन् तुमी त्याच्यावर निशानं रोवत आले काय?"

मजूर खो खो हसले. हरिहरचे कान लाल झाले.

"नकाशा मंजूर होऊन आलाय. पाटलांच्या वावरात जमीन खचते म्हणे."

"खचन नाई त काय! पाटलाच्या घरी पुरनपोया चेपून मोजनी केली असन!"

"पुरणपोळ्या माझ्या आधीच्या ओव्हरसियरनं खाल्ल्या," हरिहर हळूच म्हणाला. "मला नाही मिळाल्या."

तिकडून तिचा नवरा सहदेव मोट थांबवून धावत आला. "जाऊ दे वं. पाटलाशी वाकडं घेऊन गावात रायता येते काय?"

"तुमी मोट हाका," जयवंता म्हणाली.

कारण तिला पुढचं निशाण दिसलं होतं. ते विहिरीच्या काठावर होतं. ती विहीर दोघांनी दोन उन्हाळे खपून खणली होती. पोट सातव्या महिन्याचं असताना तिनं त्यातला मुरूम डोक्यावर वाहिला होता. तिनं ते निशाण उपटलं, बारा पावलं चालत गेली अन् मिरच्यांच्या वाफ्यात रोवलं.

"सळक वाकडीच नेता न? मंग आखीन वाकडी न्या. वांगे घ्या, मिरच्या घ्या, पन माही इहीर सोडा. नाई त मी बसतो इथी. गिट्टीसंगं मलेबी लोटा आतमंधी."

अन् ती खरंच काठावर पाय आत सोडून बसली. तीन दिवस बसली. सहदेव बडबड करत भाकर आणून द्यायचा. हरिहर तिच्याच विहिरीचं पाणी प्यायचा, अन् पिताना तिच्याकडे पाहायचं टाळायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं नकाशा गुडघ्यावर पसरला अन् पेन्सिलीनं रेघ सरकवली.

"वळण फार अवघड होईल हं, बाई."

"होऊ द्या. पाटलाच्या पऱ्हाटीले वळसा घालता येते, मंग माह्या इहिरीलेच कावून नाई?"

सडक झाली. अर्धा मळा खडी-गिट्टीखाली गेला. रोलर निघून गेल्यावर जयवंता अनवाणी त्या गिट्टीवर उभी राहिली, वांग्याची सरी कुठून कुठवर होती ते पायानं चाचपत. आठ दिवस तिच्या तोंडून शिवी निघाली नाही, तेव्हा सहदेव खरा घाबरला.

पण उन्हाळा लागला अन् भलतंच झालं. ते अवघड वळण आलं, की अकोल्याच्या मोटरीला थांबल्यासारखंच व्हावं लागे. त्यात उन्हानं इंजिन उकळलेलं अन् विहीर हाताशी. ड्रायव्हर पाणी भरी तोवर उतारू पैसे टाकून जयवंताच्या उरल्या मळ्यातल्या काकड्यांवर तुटून पडत. तिकडे वेशीजवळ पाटलाचं हाटेल होतं. मोटर आधी त्याच्याच दारात थांबायची, आता तिथं माश्याही बसेनात.

चैत्रातल्या एका दुपारी पाटील स्वतः मळ्यात आला. बाभळीखाली उभा राहून खाकरला.

"जयवंता, हाटेल इथी आनावं म्हन्तो. कोपऱ्यात एक छपरी टाकली त तुह्यं काय जाते?"

"सळक सरळ नेऊ देली असती, त मोटर तुमच्याच वावरातून गेली असती, पाटील."

"झालं थे झालं. आता काय म्हन्तं?"

तेवढ्यात भोंगा वाजवत, वाफा सोडत मोटर येऊन थांबली. "बाई, पानी!" ड्रायव्हर ओरडला. सहदेव हिवरखेडच्या बाजारात गेला होता. जयवंतानं दोर बांधलेली बादली पाटलापुढं ठेवली.

"टाका छपरी. पन इथल्या गिऱ्हाइकाले पैले पानी लागते. शेंदा."

पाटलानं मोटरीकडे पाहिलं. गावचे दोघे-तिघे आत तोंड फिरवून हसत होते. मग त्यानं बाह्या सारल्या अन् बादली सोडली. पहिली अर्धीच आली. दुसरी काठोकाठ भरून आली, पण वर घेताना निम्मी त्याच्याच धोतरावर सांडली.

मोटरीच्या खिडकीतून एका परगावच्या म्हातारीनं हात बाहेर काढला.

"ओ गडीदादा! मलेबी आन न बाप्पा घोटभर!"

पाटील जागीच थिजला. जयवंतानं लोटा विसळला अन् त्याच्या हातात दिला.