नातीचा हेवा

नऊ वर्षांच्या नातीचा हेवा करावा असं आपलं वय नव्हे, हे हरिहररावांना कळत होतं. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सान्वीला सौम्य ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि डोंबिवलीच्या त्यांच्या घराचा नूरच पालटला. शालनताई, म्हणजे हरिहररावांच्या पत्नी, तिच्या फ्रॉकचं टोचणारं लेबल कापून टाकत. भाजीचा रस भाताला लागू नये म्हणून तिला वेगळी वाटी देत. मिक्सर लावण्याआधी "सानू, आवाज होणार हं," म्हणत. याच वाटीसाठी हरिहररावांनी बेचाळीस वर्षं "कसली मेली थेरं!" ऐकलं होतं. मिक्सर लागला की ते घराबाहेर पडत, तर 'विक्षिप्त' ही पदवी मिळाली. पोरीला कुणीतरी समजून घेतंय, याचा आनंद व्हायला हवा होता. तो व्हायचाही, पण मागाहून. आधी जळफळाट.

पुतण्या आर्यनच्या लग्नात बँड हॉलमध्ये घुसला, तसे शालनताईंनी पर्समधून जाडजूड हेडफोन काढले, सान्वीच्या कानांवर चढवले आणि तिला मागच्या जिन्यात नेलं. नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ताशा हरिहररावांच्या दातांत वाजत होता. असल्याच आवाजाने ते चौदा वर्षांपूर्वी लेकीच्या, मृणालच्या, लग्नात ऐन कन्यादानाआधी उठून गेले होते. कन्यादान शेवटी शालनताईंच्या भावाने केलं. बायकोने ते आजतागायत विसरू दिलं नव्हतं.

काही झालं तरी बसून राहायचं, असं ठरवून आलेले हरिहरराव अखेर उठले आणि जिन्यात गेले.

"आलात?" शालनताई कडाडल्या. "इथेही तेच?"

"आबांना पण कानात दुखतं," सान्वी म्हणाली. "बँड वाजला की ते माझ्यासारखी बोटांची पेरं मोजतात. मी बघितलंय."

शालनताई नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिल्या. अंगठा अजून पेरांवरून फिरत होता.

"अहो... मग मृणालच्या वेळी सांगायचंत ना मला!"

"सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं. तू म्हणालीस, चारचौघांत नाटकं नकोत."

आतून हाक आली, "काकू, अक्षता! चला लवकर!"

शालनताई उठल्या, जिन्याचं दार घट्ट ओढून घेतलं, आणि परत येऊन पायरीवर नवऱ्यासाठी जागा ठेवून बसल्या.