गाळलेलं तेल

कृष्णकांतने जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद न करताच खाली उतरला. बोईसरच्या पंपावर गॅसच्या रांगेत एक नवा टेम्पो उभा होता आणि त्याच्या अंगावर शैलेशच्या फरसाणच्या दुकानाचं नाव होतं.

ड्रायव्हर मिथुन टेम्पोला टेकून चहा पीत होता.

"हा कुणाचा?"

"आमचाच, काका. जुना डिझेलचा शेटनी दिवाळीत इकला. तुमाला म्हाईत नाय?"

कृष्णकांत परत जीपमध्ये येऊन बसला. मागे तेलाचे पांढरे कॅन होते, शैलेशच्या त्याच विकलेल्या टेम्पोसाठी आणलेले.

तो आणि शैलेश तारापूरच्या शाळेत एका बाकावर बसलेले. शैलेशच्या कढईतलं जळकं तेल गटारात जायचं, तेव्हा कृष्णकांतने आपल्या जुन्या जीपला दुसरी टाकी बसवली आणि चिकूच्या वाडीत पिंपं मांडली. तेल उन्हात तापवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग जाड कापडातून गाळायचं. गाडी डिझेलवर सुरू करायची आणि इंजिन तापलं की तेलावर घ्यायची. जीप गेली की रस्ताभर भज्यांचा वास सुटायचा, लोक हसायचे आणि त्यालाही ते आवडायचं. शैलेशच्या टेम्पोला टाकी त्यानेच बसवून दिली. तेव्हापासून गाळलेल्या तेलात अर्धा वाटा शैलेशचा.

"अजून गाळत जा," शैलेश अलीकडे म्हणायचा. "इंजिन कुरकुर करतंय."

मग कृष्णकांत पुन्हा एकदा गाळायचा.

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शैलेश एकटाच होता. मागच्या खेपेचा कॅन तो नव्या तेलाच्या अर्ध्या डब्यात ओतत होता. दारात सावली पडली तरी त्याने धार मोडली नाही.

"आज लवकर आलास?"

"टेम्पो विकलास."

शैलेशने कॅन खाली ठेवला. "सांगणारच होतो."

"आणि हे?"

"नव्यात थोडं थोडं मिसळतो. तू एवढं साफ करतोस, कुणाला कळत पण नाय. आजवर एक तरी माणूस आजारी पडला?"

कृष्णकांतने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना तेलाचा तांबूस थर होता.

"माझ्या पोरीच्या साखरपुड्याला फरसाण इथूनच नेलं मी."

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसं?"

शैलेश डब्याला झाकण लावू लागला. ते नीट बसत नव्हतं.

कृष्णकांत शेडमधून निघून दुकानाच्या दर्शनी बाजूला आला. कढईपाशी शैलेशची बायको पुष्पलता भजी तळत होती. बाकावर कंपनीतून सुटलेली माणसं बसली होती.

"भाऊजी, बसा ना," ती म्हणाली. तिने झारा निथळवला आणि न विचारताच एक प्लेट त्याच्यापुढे ठेवली. "आज मिरच्या चांगल्या आल्यात."

शैलेश मागोमाग आला होता. कृष्णकांतने प्लेट उचलून त्याच्यासमोर धरली.

"घे."

"आत्ताच जेवलोय."

"एक घे."

बाकावरच्या दोघांनी वर पाहिलं. शैलेश हसला, पण हात पुढे आला नाही. पुष्पलताला वाटलं, या दोघांची नेहमीची मस्करी चाललीय.

"यांना नसेल खायचं तर राहू द्या. सकाळपासून माझ्याच पोटात काय नाय," ती म्हणाली आणि तिने प्लेटमधलं एक भजं उचललं.

शैलेशने तिचं मनगट धरलं.

भजं खाली पडलं. पुष्पलताने आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. शैलेशने हात सोडला आणि मान दुसरीकडे वळवली. ती कृष्णकांतकडे वळली. त्याने प्लेट फळीवर ठेवली होती.

कढईत भजी लाल व्हायला लागली होती. पुष्पलताने ती काढली नाहीत. तिने पदराने हात पुसले, खाली वाकली आणि शेगडी बंद केली.

"ताई, आमची प्लेट?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

"संपली," ती म्हणाली.