भागिरथाबाईंचं एक पान

मंजुषा वाचता वाचता थांबली.

"काहून थांबलीस वं? अक्षर नाई लागत काय माह्यं?" भागिरथाबाईंनी विचारलं.

"अक्षर लागते बाई. अक्षर चांगलंच हाय."

"मंग वाच ना पुढं. पुढचं तं तुह्याचबद्दल हाय!"

मंजुषाला नववा महिना लागलेला, त्यामुळे ती भिंतीला उशी लावून पाय पसरून बसली होती. एका हातात बाईंचा कागद, दुसऱ्या हातात मोबाइल. कागद वाचायचा आणि मोबाइलवर टाइप करायचा, एवढंच तिचं काम. पण मोबाइल तिनं मांडीवर उपडा ठेवला आणि कागदाकडे बघत राहिली.

आता हा कागद कसला, ते सांगायला हवं. भागिरथाबाई म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका लहानशा गावच्या अंगणवाडी सेविका. सत्तावीस वर्षं झाली त्यांना. गावातली निम्मी तरणी माणसं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. त्यांच्या सुपरवायझर त्रिशला मॅडम यांनी गेल्या आठवड्यात ग्रुपवर निरोप टाकला होता, की 'लहान मुलांना शिकवण्याबद्दल माझा विचार' या विषयावर प्रत्येकीनं एक पान टाइप करून पाठवायचं, आणि सगळ्यांत चांगलं पान जिचं असेल तिनं ते मालेगावच्या मेळाव्यात स्टेजवर वाचायचं. बाकीच्या सेविकांनी कपाळाला हात लावला. वजनं करा, हजेऱ्या भरा, आहार वाटा, सर्व्हे करा, आणि आता विचारही करा! पण भागिरथाबाईंना मात्र मनातून गुदगुल्या झाल्या. सत्तावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं त्यांना, की बाई, तुमचा विचार काय म्हणून. दोन दुपारी पंख्याखाली बसून त्यांनी पान लिहून काढलं. टाइप करायला मंजुषा होतीच. त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, डी.एड. झालेली, संभाजीनगरला दिलेली, आणि आता दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची थोरली पौर्णिमा, चार वर्षांची, महिनाभरापासून बाईंच्याच अंगणवाडीत येत होती. बाईंना त्याचं कोण कौतुक!

"इकडं आन, मीच वाचतो," म्हणून बाईंनी कागद ओढून घेतला आणि चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचला. "'शिस्त हाच बालशिक्षणाचा पाया आहे. आमच्या अंगणवाडीत हाताची घडी, तोंडावर बोट ही सवय प्रथमपासून लावली जाते. याचे एक उदाहरण देते. पंचवीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या मोठ्या मॅडमनी आमच्या अंगणवाडीस भेट दिली. त्या वेळी कुमारी मंजुषा ही चार वर्षांची बालिका दोन तास बोट न काढता बसली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, इतकी शहाणी मुलगी मी पाहिली नाही. तिच्या डोळ्यांत ज्ञानाची चमक होती.'"

वाचून बाईंनी मान वर केली. हा किस्सा त्यांनी गावात किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. पोलिओच्या बूथवर सांगितला, भीमजयंतीच्या जेवणावळीत सांगितला, मंजुषाच्या लग्नात तर नवरदेवालाच उभं करून सांगितला.

"बाई," मंजुषा म्हणाली, "ते चमक नव्हती. पानी व्हतं डोयात."

"पानी?"

"त्या दिवशी उसळीसाठी हरभरे भिजू घातले व्हते ना तुमी. म्या एक हरभरा नाकात घातला. तो गेला वर. तो फुगू लागला, बम दुखू लागलं. पन मॅडम आल्त्या, आन तुमी सांगतलं व्हतं, कोनी बोट काढाचं नाई. म्हनून म्या नाई काढलं."

भागिरथाबाईंनी चष्मा काढला.

"संध्याकाळी आईनं पाह्यलं तं नाक सुजलेलं. बाबानं सायकलवर मालेगावले नेलं. डाक्टरनं चिमट्यानं काढला, लय रक्त आलं. आई मने, कोनाले सांगू नका, भागिरथाबाईची नवकरी जाईन. तुमाले दोन दिवस ताप हाय मनून सांगतलं."

"पंचवीस वर्सं, मंजुषा? पंचवीस वर्सं तू मले सांगतलं नाईस?"

"तुमी इतक्या आनंदानं सांगा तो किस्सा. कसं सांगू?" मंजुषाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी चार शब्द ऐकवले तरी असते. "आताही नसतं सांगतलं. पन पौर्णिमा पाहा ना. संभाजीनगरले एक घडी चूप नव्हती बसत पोट्टी. आता घरात पानी पाह्यजे असलं तरी तोंडावर बोट ठेवून उभी राह्यते. आपन विचारू तवा बोट काढते. बाई, मी उद्यापासून तिले नाई पाठवत."

पौर्णिमा दारात बसून खेळत होती. मातीच्या ढिगावर काड्या रोवत होती, आणि एक अक्षर बोलत नव्हती.

भागिरथाबाईंनी कागदाची घडी घातली आणि उठल्या. चहा ठेवलेला होता, तो तसाच राहिला. भागिरथाबाई कुणाच्या घरून चहा न घेता उठल्या, असं त्या गावात आजवर झालं नव्हतं.

घरी जाईपर्यंत त्यांना नुसता संताप आला होता. म्हणे हरभरा! एका हरभऱ्यासाठी सत्तावीस वर्षांवर पाणी? अंगणवाडी म्हणजे काय बाजार आहे, कोणीही यावं आणि कलकलाट करावा? चोवीस पोरं एका खोलीत बसवून दाखवा म्हणावं बिनशिस्तीची! पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली, पौर्णिमा आली नाही, आणि तिची जागा सतरंजीवर रिकामी दिसली, तेव्हा तो संताप कुठल्या कुठे गेला. मग नुसतं वाईट वाटायला लागलं.

रुखमाबाई, त्यांची मदतनीस, चुलीपाशी तांदूळ निवडत होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"रुखमे, मंजुषाच्या नाकात हरभरा गेल्ता, ते तुले मालूम व्हतं?"

"हाव," रुखमाबाई खाली मान घालून म्हणाली. "तिच्या मायनं सांगतलं व्हतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

रुखमाबाईनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. "तुमाले कोन सांगन बाई? तुमी समोर आल्या की आमी बाया बी चूपच बसतो."

आता बोला! भागिरथाबाईंना वाटलं होतं, बायका आपल्याला मान देतात.

पोरं आत हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. कोणी सांगितलंही नव्हतं. बाईंची चाहूल लागली की आपोआप व्हायचं ते. बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्या चोवीस बोटांकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. एकाचं बोट नाकाला टेकलेलं, एकीचं अर्धं तोंडात, एक बिचारा दुसऱ्या हातानं खाज सुटलेला पाय खाजवायचं धाडस करत होता. बाईंना एकदम रडू आलं. त्या परत फिरल्या, हंड्यातलं पाणी तोंडावर मारून आत आल्या.

"बोट काढा रे लेकराहो," त्या म्हणाल्या. "बोला."

कोणी बोलेना. बाईंचा काहीतरी डाव असणार, असं पोरांना वाटलं. शेवटी पाय खाजवणारा पोरगा म्हणाला, "बाई, आमची बकरी व्याली." मग जे सुटलं ते सुटलंच! कुणाची म्हैस, कुणाचा मामा, कुणाच्या बापानं आणलेला टीव्ही, सगळं एकाच वेळी. दोघांची मारामारी झाली. एकानं ठोकळ्यांचा डबा उपडा केला. खिचडी वाढेपर्यंत बाईंचं डोकं भणभणलं होतं, आणि त्यांना दुसरी कुठलीच युक्ती येत नव्हती. सत्तावीस वर्षं एकच हत्यार वापरलेलं, तेही आता टाकून दिलेलं. संध्याकाळी त्यांचे यजमान माणिकराव म्हणाले, "तुहा आवाज कुठं गेला वं?" तर घशातून नुसती हवा आली.

पण एक झालं. ज्याची बकरी व्याली त्याला तीनपर्यंत मोजता येतं, हे बाईंना त्या दिवशी कळलं. तीन पिल्लं होती, आणि त्यातलं एक मेलं तर दोन राहिली, हेही त्यानं सांगितलं. सहा महिने हा पोरगा त्यांच्या रजिस्टरात 'अंक येत नाहीत' या रकान्यात होता.

चार दिवसांनी बाई मंजुषाकडे गेल्या. या वेळी बसल्यासुद्धा नाहीत.

"चुकलं माह्यं," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "तुह्यं तं मी भरून नाई देऊ शकत. पोरीले पाठव. तू संभाजीनगरले जाशीन तवा ते जशी आल्ती तशी तुह्या संगं गेली पाह्यजे. नाई गेली तं मले बाई म्हनू नको."

मंजुषानं त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बसा ना बाई. चहा घ्या आधी."

पौर्णिमा दुसऱ्या दिवसापासून येऊ लागली. खिडकीखाली बसायची, तोंडावर बोट. आजूबाजूला बाकीची पोरं घर डोक्यावर घ्यायची, आणि ही आपली बोट ठेवून बघत बसायची. 'बोट काढ' म्हणून सांगायला बाईंच्या जिभेवर शब्द यायचे, आणि त्या गिळायच्या. सांगितलं असतं तर तिनं काढलंही असतं. पण तोही हुकूमच झाला असता ना? म्हणून बाई तिच्याशेजारी बसून शेंगा सोलायच्या, भाजी निवडायच्या, बाकीच्यांचं ऐकायच्या. एखादा पोरगा गोष्ट सांगायला लागला की हिचं बोट ओठावरून घसरून हनुवटीवर यायचं. बाई मुकाट्यानं बघायच्या. दोन आठवडे गेले, तीन गेले. ग्रुपवर सगळ्यांची पानं जाऊन पडली. भागिरथाबाईंनी जुनं पान फाडलं होतं आणि नवं काही सुचत नव्हतं. एका दुपारी त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर एवढंच लिहिलं, 'लेकरू बोलत असेल तेव्हा बाईने गप्प बसावे.' पुढं पेन चालेना. एका ओळीचं पान कुठं पाठवतात का? त्यांना लाज वाटली.

मग एका पहाटे मंजुषाला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स बाईंनीच बोलावली, पिशवीत कपडे बाईंनीच भरले. मंजुषा आईसोबत वाशिमला गेली, आणि नऊच्या सुमारास बाईंच्या मोबाइलवर तिचा फोन आला. आवाज दमलेला.

"बाई, पोरगी झाली. दोघी बी चांगल्या हावोत."

"बरं झालं माय! बरं झालं!"

"बाई, आयका ना. बाबानं पौर्णिमाले सांगतलं. ते मने, मी बाईले सांगतो. स्वताहून मने! तुमी आधी काई बोलू नका तिच्यासंगं."

"नाई बोलत," भागिरथाबाई म्हणाल्या.

साडेदहाला पौर्णिमा आजोबांचं बोट धरून आली. तिनं जागेवर न जाता सरळ बाईंच्या समोर येऊन उभं राहून त्यांच्याकडे बघितलं. तोंडावर बोट होतंच, पण डोळे असे झाले होते की आता फुटेल ही पोरगी. बाई खाली बसल्या. पोरं आपल्या गोंधळात होती. पौर्णिमाचं बोट ओठावरून जरासं हललं.

आणि नेमक्या त्याच वेळी दारात त्रिशला मॅडम!

"काय चाललंय हे, भागिरथाबाई?" मॅडमनी कानांवर हात घेतले. "मी बीटमधल्या सगळ्या अंगणवाड्यांत तुमच्या शांततेचं उदाहरण देते! आणि तुमचं एकटीचंच पान आलं नाही, म्हणून मुद्दाम आले मी. चला रे बाळांनो, हाताची घडी, तोंडावर बोट!"

खोली क्षणात शांत झाली. चोवीस बोटं वर गेली, आणि पौर्णिमाचंही घट्ट बसलं.

भागिरथाबाई आयुष्यात कधी कुठल्या मॅडमला उलट बोलल्या नव्हत्या. मॅडम आल्या की खुर्ची, मग पाणी, मग रजिस्टर, हा क्रम कधी चुकला नव्हता. आजही अर्ध्या उठल्याच होत्या त्या. मग परत खाली बसल्या.

"मॅडम, दोन मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या. "या पोरीले काई सांगाचं हाय. तिचं होऊ द्या, मंग माह्यं पान दाखवतो. एकच ओळ हाय, पन दाखवतो."

"अहो, पण मला पुढे..."

"बसा, मॅडम." आवाज मऊच होता, पण मॅडम बसल्या. खुर्ची कोणी दिलीच नाही, त्यामुळे सतरंजीच्या कडेवर बसल्या.

बाई पौर्णिमाकडे वळल्या. काही विचारलं नाही, हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. बाहेर रुखमाबाईच्या हातातला पळा थांबला होता. मॅडमनी एकदा घड्याळ बघितलं.

पौर्णिमानं बोट काढलं.

"बाई," ती म्हणाली, "आमच्याकडे बाळ आलं."

"काय सांगतेस वं!" भागिरथाबाईंनी गालावर हात ठेवला. "खरंच? मले तं काईच मालूम नाई!"

"हो! मुलगी आहे. माझी बहीण आहे. तुम्हाला माहीतच नाही?"

"नाई ना वं माय. मले कोन सांगन? तू सांग. पयलेपासून सांग."

पौर्णिमानं पहिल्यापासून सांगितलं. अर्धा तास लागला तिला, आणि तेवढ्या वेळात भागिरथाबाई एक शब्द बोलल्या नाहीत.