कॉलरचा मळ

आमच्या गावचं चर्च एका रात्रीत जमिनीत गडप झालं, हे तुम्हाला इथे कुणीही सांगेल. फादरने शाप दिला, भुई फाटली आणि घंटेसकट चर्च आत! फक्त सांगणाऱ्याच्या घराकडे नीट बघू नका. बेकरीवाल्याची भट्टी, न्हाव्याची पायरी, हेडमास्तरांच्या परसातला संडास, सगळे दगड त्याच चर्चचे. भुई कसली फाटते, डोंबल! गावाने हातोहात लांबवलं आणि खापर फोडलं फादरच्या डोक्यावर.

सासूबाई मात्र ताठ मानेने सांगायच्या, "आपण चोर नाही गं. यांच्या पणजोबांनी चाळीस वर्षं घंटा वाजवली, म्हणून फादरने ही खोली आपल्याला कायमची दिली. दगडावर कोरून दिलंय."

तो दगड म्हणजे आमचा धुण्याचा दगड. आम्ही सगळ्या गावाचे कपडे धुतो. कोरलेल्या अक्षरांवर कॉलरचा मळ असा झकास निघतो, म्हणून तीन पिढ्यांनी तीच बाजू वर ठेवली. मी सून होऊन आले तेव्हा अर्धीमुर्धी अक्षरं होती, पण वाचायला सवड कुणाला होती?

मग पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. चर्चच्या जागेवर उभी राहिलेली एकच खोली, आमची. ती महिन्याभरात रिकामी करा म्हणाले. बेकरीवाल्याला, न्हाव्याला कुणी काही विचारलं नाही, कारण त्यांचं चर्च जमिनीत गेलेलं.

"लेखी पुरावा असेल तर दाखवा," साहेब म्हणाले. "मग खोलीला हात लावणार नाही."

"दाखवते की!" सासूबाईंनी दगडावरचे कपडे बाजूला केले आणि बादलीभर पाणी ओतलं. दगड टकलासारखा गुळगुळीत. साहेबांनी वर कागद धरून पेन्सिल फिरवली, कागद नुसता काळा झाला. आमचं घर आम्हीच घासून घासून साफ केलं होतं.

सासूबाईंनी साबणाची डबी उचलली. तिच्याखाली तेवढी शेवटची ओळ शिल्लक राहिली होती. साहेबांनी मोठ्याने वाचली, "हा दगड येथून हलवू नये."

"बघा! आहे की नाही?"

"अमूल्य आहे, आजी! दगड अजिबात हलणार नाही."

"आणि आम्ही?"

"तुमच्याबद्दल काही लिहिलेलं दिसत नाही."

आता आम्ही बेकरीमागे भाड्याने राहतो. सिमेंटवर कॉलर निघत नाही, गिऱ्हाइकं कुरकुरतात. परवा सासूबाईंनी हट्टच धरला म्हणून त्यांना तिकडे घेऊन गेले. दगडाभोवती दोरी, शेजारी पाटी. मी वाचून दाखवली, "भाविकांच्या हातांच्या स्पर्शाने यावरील अक्षरे झिजली आहेत."

त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. सोड्याने चिरा पडलेले आपले तळवे बघितले आणि वाकून दोरीपलीकडे हात घातला.

"ओ आजी!" रखवालदार खेकसला. "हात लावू नका, झिजेल!"