राखणदाराचा वाटा

सेहेचाळीस सालच्या माघात उत्तमराव शेगावच्या स्टेशनावर उतरला. त्याच्या लोखंडी पेटीत दोन गणवेश होते, एक कांबळं होतं आणि तळाशी फडक्यात बांधलेली दोन शेर ज्वारी होती. वऱ्हाडात बाहेरून ज्वारी आणणारा माणूस तसा वेडाच म्हणायचा. पण उत्तमरावानं ते गाठोडं दोन वर्षं जपलं होतं, आणि सोनाळ्याच्या वाटेवर बैलगाडीत पेटी मांडीवर घेऊन बसला तेव्हा त्याला त्या गाठोड्याचीच भीती वाटत होती.

त्याचं कारण असं. बेचाळीस साली गावातून दोघं पलटणीत गेले, एक हा आणि दुसरा शेषराव, गोजरबाईचा एकुलता एक. दोघांना कोकणच्या किनाऱ्यावर टेंभूळगडाच्या तोफखान्यात टाकलं. दुसऱ्या वर्षी शेषराव गेला. सरकारी कागद इंग्रजीत आला, पोस्टमास्तरनं अर्थ सांगितला, "सेवेत असताना मृत्यू." गोजरबाईनं तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. तेव्हा उत्तमरावाचे वडील भगवानराव तिच्या ओसरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोट्ट्यानं तीन जहाजं बुडवली, मंग गेला." चौथ्या दिवशी ती जेवली.

भगवानराव तसा मनाचा मऊ माणूस, पण त्यांचं बोलणं म्हणजे हातभर लाकूड आणि दहा हात ढलपी. दोन वर्षांत त्या तीन जहाजांना भोंगे फुटले, शिडं फुटली, आणि शेवटच्या जहाजावर जपानचा कोणी मोठा सरदारही चढला. गोजरबाई मात्र दर वेळी तितक्याच ओढीनं ऐकायची.

उत्तमराव घरी येऊन आठ दिवस झाले, पण तिच्या दारी गेला नाही. गाठोडं पेटीतच राहिलं. अशात शाळेच्या नीळकंठ गुरुजींनी ठरवलं, की उत्तमरावानं शनिवारी शाळेपुढच्या कडुलिंबाखाली टेंभूळगडाचा इतिहास सांगायचा आणि आपण तो वहीत उतरून घ्यायचा.

शनिवारी सकाळी भगवानरावांनी लेकाला गोठ्यात गाठलं.

"तीन जहाजं सांगजो."

"बाबा, एकबी नव्हतं."

"मंग दोन सांग, पण बुडव! त्या बाईचा जीव त्या जहाजायवर तरंगून राह्यला, समजलं का बे?"

उत्तमरावानं पेंढी सोडली. बैलापुढे कडबा टाकला आणि घरात जाऊन पेटी उघडली.

लिंबाखाली अर्धं गाव जमलं होतं. गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांत पुढे बसली होती. उत्तमरावानं गाठोडं मागे ठेवलं आणि घसा खाकरला.

"गड जुना हाय," तो म्हणाला. "खाडीच्या तोंडावर बांधला. कोन्या राजानं बांधला ते गुरुजीयले माहीत, आमाले तं कोनी सांगतलं नाही. मंग राज्य गेलं, तोफा गंजल्या, बकऱ्या चरू लागल्या. पुढं जपाननं रंगून घेतलं तवा सरकारले समुंदर आठवला. बुरुजावर दोन मोठ्या तोफा बसवल्या. एकेक गोळा उचलाले दोन गडी लागे. आन् समुंदराकडं पाहाले आमी बसलो, ज्यायनं जल्मात पूर्णा नदीच्या पल्याड पानी पाह्यलं नव्हतं."

लोक हसले. गुरुजींची लेखणी धावत होती.

"किती जहाजं पाडली बे?" मागून कोणीतरी विचारलं.

उत्तमरावानं वडिलांकडे पाहिलं. भगवानरावांनी हळूच दोन बोटं वर केली होती.

"एकबी नाही," उत्तमराव म्हणाला. "शत्रूचं जहाज आलंच नाही. तीन वर्सं वाट पाह्यली. होडी मांगं फळ्या बांधून ओढत नेत, त्यायच्यावर आमी नेम धरत जाओ. तेवढीच तोफ वाजली."

गुरुजींची लेखणी थांबली. भगवानरावांची बोटं पंच्यात शिरली. गोजरबाईचा चेहरा मात्र हलला नाही, आणि तेच उत्तमरावाला सहन होईना. आपण आत्ता या बाईच्या घरात दुसऱ्यांदा मरण नेलं, असं त्याला वाटलं.

"मंग माहा शेषराव?" तिनं विचारलं. "त्यानं काय केलं तिथं?"

"सांगतो, मावशी. सारं सांगतो."

तो खाली बसला, तिच्यासमोर, आणि आता गावाकडे न बघता तिलाच सांगू लागला.

"पयल्या साली साहेबानं हुकूम देल्ला, तोफायच्या छतावर माती टाका, हिरवं लावा, विमानातून दिसलं नाही पायजे. बाकीच्यायनं गवत लावलं. शेषरावजवळ तुमी बांधून देल्लेली ज्वारी होती."

"निंघतानी देल्ली होती मी," गोजरबाई म्हणाली. "पदर फाडून बांधली होती."

"त्यानं ते पेरली. दोरी धरून सरळ तासात पेरली. पौसात कंबरेवर आली. मंग आपल्याच विमानानं वरून फोटो काढला, आन् साहेब तो हातात घेऊन आला. साऱ्या किनाऱ्यावर डोंगर, झाडी, खडक, आन् मधात एक चौकोनी वावर! खाली तोफीचं तोंड. जपानले पत्ता धाडाची गरजच नव्हती."

मंडळी खो खो हसली. वऱ्हाडातल्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कोण करणार?

"साहेब लाल झाला. शेषराव म्हने, साहेब, आमाले वाकडं पेरता येत नाही."

आता गोजरबाईही पदर तोंडाला लावून हसली. "येतच नव्हतं त्याले. बापासारखाच."

"पन साहेब हुशार. त्यानं छतावरचं पीक कापाले लावलं. म्हने, आता हेच वावर शेजारच्या रिकाम्या टेकडीवर कर. तिथं माडाचे बुंधे आडवे ठेवले, तोफा दिसाव्या म्हून. खोटा गड झाला. शत्रू आला तं बॉम्ब तिथं टाकीन, खऱ्या गडावरचे शंभर माणसं वाचतीन. दुसऱ्या साली शेषरावनं तिथं ज्वारी पेरली, वर बसाले माळा बांधला, आन् राखनीले तो एकटा राह्यला. एकटाच, मावशी. बॉम्ब पडला असता तं त्याच्यावर."

लिंबाखाली आता कोणी हसत नव्हतं.

"तिथं मच्छर लय. कनसं भरू लागली आन् त्याले हिवताप आला. दवाखान्यात नेला. शेवटच्या दिवशी मले वयखलं नाही त्यानं. एकच इचारे, पाखरं हाकलली का? मी म्हनलं, हाकलली."

 त्यानं मागे हात करून गाठोडं पुढे ओढलं आणि गोजरबाईच्या पुढ्यात ठेवलं.

सोनाळ्यात हे कोणाला समजावून सांगायला लागत नाही. डोंगराकडची रानडुकरं पिकात शिरतात म्हणून गावात राखणदार ठेवतात, आणि खळ्यावर रास पडली की पहिला वाटा त्याचा काढतात. तो आजारी पडो की मरो, वाटा त्याच्या घरी पोचवायचा. तो पोचेपर्यंत खळं उठलं असं म्हणत नाहीत, आणि मालक त्या राशीतली भाकर खात नाही.

"मीच कापली, मीच मळली," उत्तमराव म्हणाला. "हा त्याचा वाटा. दोन साल पेटीत ठेवला. देल्ला असता तं सारं सांगा लागलं असतं. मले हिंमत झाली नाही."

भगवानराव पुढे आले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "वहिनी, ते जहाजं माहीच होती. तुमी जेवत नव्हत्या म्हून..."

"मले माहीत होतं," गोजरबाई म्हणाली. "तुमी दर वेळी येगळी सांगत. पन त्याचं नाव घ्याले दुसरं कोनी येतच नव्हतं, म्हून आयकत होती."

तिनं गाठ सोडली. तिच्याच फाटलेल्या पदराचं फडकं होतं ते. चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरून फोडला.

"भरली होती," ती म्हणाली.

"बॉम्ब तं पडलाच नाही ना, मावशी," मागून कोणीतरी पुटपुटलं.

गोजरबाई वळली. "डुकरं आली नाहीत म्हून राखनदाराचा वाटा कापता का रे तुमी?"

 तिनं गाठोडं कडेवर घेतलं आणि उभी राहिली. दोन पावलं जाऊन थांबली. उत्तमराव अजून खालीच बसला होता, हात मांडीवर टाकून, आता काय करायचं ते न कळून.

"ऊठ, बाबू," ती म्हणाली. "ह्याच्या भाकरी टाकतो मी. दोन सालापासून तुहं खळं उठलं नाही. चाल, जेवाले चाल."