चौथं कलम

आतिका मुकादमचं काम गप्प बसून लिहायचं होतं. बैठका आणि परिषदा भरवून देणाऱ्या, बहरीनच्या मनामा शहरातल्या एका कंपनीत ती अकरा वर्षं इतिवृत्त लिहीत होती. कोण काय बोललं, काय ठरलं, काय पुढे ढकललं, ते इंग्रजीत टाइप करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर वाचून मंजूर करून घ्यायचं. बँकवाल्यांच्या बैठका झाल्या, डॉक्टरांच्या झाल्या, एकदा उंटांच्या रोगांवर तीन दिवस चर्चा झाली, तीही तिनेच लिहिली. लिहिताना ती मान वर करत नसे.

हे काम ती गावीच शिकली होती. लग्नाआधी तीन वर्षं ती दापोली तालुक्यातल्या आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची आणि ग्रामसभेचं इतिवृत्त ग्रामसेवक तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. पुढे झुबेरशी लग्न होऊन ती बहरीनला आली. झुबेर मीना सलमानला जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा फोरमन होता. सलमानियाला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, आणि मुलगी लाईबा आता नववीत गेली होती.

त्या नोव्हेंबरात युरोपातून एक शिष्टमंडळ आलं. तिकडच्या बऱ्याच सरकारांनी मिळून चालवलेली ती संस्था होती. गावाचा आणि शहराचा कारभार तिथल्याच लोकांच्या हाती राहावा म्हणून देशादेशांत करार घडवून आणायचे, हे तिचं काम. आखातातल्या नगरपालिकांबरोबर तिचं दोन दिवसांचं चर्चासत्र झालं. ते संपल्यावर शिष्टमंडळातल्या दोन शेजारी देशांनी हॉटेलची लहान खोली आणखी तीन दिवस मागून घेतली. त्यांचा एक करार सहा वर्षं अडकून पडला होता. आपापल्या देशात बसायचं म्हटलं की दोन्हीकडचे पत्रकार दाराशी उभे राहत. इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

भांडण एका पुलाचं होतं. मधून नदी, नदी म्हणजेच सरहद्द, आणि दोन्ही काठांवर एकेक गाव. उत्तरेच्या गावाजवळ हॉस्पिटल होतं, पूल ओलांडला की बारा मिनिटांवर. दक्षिणेच्या गावाला स्वतःच्या देशातलं हॉस्पिटल गाठायचं तर सव्वा तास लागे. पण अँब्युलन्सला सरहद्द ओलांडायची परवानगी नव्हती. ती पुलाच्या मधोमध थांबायची, पलीकडून दुसरी यायची, आणि रोग्याला स्ट्रेचरवरून एकीतून दुसरीत घालायचं, मग पाऊस असो की बर्फ. उलट उत्तरेच्या गावाकडे आगीचा बंब नव्हता. तो दक्षिणेच्या गावाकडे होता, आणि तोही पुलापाशीच अडायचा.

दोन्ही गावांचं आपसांत केव्हाच जमलं होतं. कराराची नऊ कलमं होती, त्यांतली आठ दोन्ही सरकारांनी मान्य केली होती. अडलं होतं चौथं. कोणती गाडी कधी, कशी पूल ओलांडेल हे ठरवायचं कोणी? अधिकारी म्हणत, मंत्रालयांनी. गावं म्हणत, आम्ही. मंत्रालयांकडे ठेवलं तर साधी वेळ बदलायची म्हटली तरी फाइल दोन राजधान्या फिरून यायला वर्ष जाईल, अशी गावांची भीती होती, आणि ती अनुभवाची होती.

टेबलाभोवती चौघंच होते. संस्थेचे अध्यक्ष, दोन्ही मंत्रालयांचा एकेक अधिकारी आणि दक्षिणेच्या गावची महापौर. या महापौरबाई पासष्टीच्या होत्या, बूट जाडजूड, आवाज शेतावरून हाक मारल्यासारखा. दोन्ही गावांनी मिळून त्यांना पाठवलं होतं. गाव बाराशे वस्तीचं आहे हे ऐकल्यापासून आतिका मनातल्या मनात त्यांना सरपंचबाईच म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खटका उडाला. सरपंचबाई म्हणाल्या की वसंतातल्या बैठकीत हे ठरलेलं होतं, निर्णय गावांनी घ्यायचा हे तुम्ही कबूल केलं होतं. दक्षिणेच्या अधिकाऱ्याने, म्हणजे त्यांच्याच देशाच्या माणसाने, आपली नोंद काढून वाचली: दोन्ही गावांचं म्हणणं ऐकून मंत्रालयं निर्णय घेतील. उत्तरेच्या अधिकाऱ्याच्या नोंदीतही जवळजवळ तेच होतं. बाईंकडे कागद नव्हता. त्या बैठकीची प्रत गावांना कोणी दिलीच नव्हती. अध्यक्ष उन्हाळ्यात नेमले गेले होते, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. बाईंच्या स्मरणाविरुद्ध दोन सरकारांचे कागद होते. त्या उठल्या आणि खोलीबाहेर गेल्या. जाताना म्हणाल्या, उद्या सकाळी येईन ते फक्त निरोप घ्यायला.

आतिकाने हे सगळं लिहिलं. मग नावांची स्पेलिंगं तपासायला संस्थेने पाठवलेली जुनी फाइल उघडली. दीडशे पानं स्कॅन केलेली होती. शेवटाकडे हॉटेलचा नकाशा होता, जेवणाचा मेन्यू होता, आणि त्यांच्यामागे उलटं स्कॅन झालेलं हाताने लिहिलेलं एक पान. तिने ते स्क्रीनवर सुलटं केलं. इंग्रजीतल्या तीन ओळी, वर वसंतातली तारीख, खाली दोन्ही बाजूंची आद्याक्षरं. दोन्ही गावांच्या परिषदा, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायती, एकत्र बसून निर्णय घेतील, सरकारं तो अमलात आणतील, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या दिवशी ठरलं ते हे होतं. पुढे दोन्ही मंत्रालयांत ते टाइप होताना शब्द सरकले होते.

तिने लॅपटॉप मिटला आणि घरी आली.

झुबेर शिफ्टवरून येऊन चहा पीत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता अशी एक गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. गावी जेट्टीचा विषय आला होता तेव्हा ग्रामसभेत मच्छीमारांनी जागेला विरोध केला होता. तिथे वाळू भरते, असं म्हाताऱ्या माणसांनी उभं राहून सांगितलं होतं. आतिकाने तसंच लिहिलं. चार दिवसांनी तालुक्याहून कोणी आलं, तिच्याकडून पान पुन्हा टाइप करून घेतलं, आणि त्यात आलं, चर्चा होऊन संमती मिळाली. ती एकवीस वर्षांची होती. तिने टाइप केलं. जेट्टी झाली, दोन वर्षांत वाळूने भरली, आणि होड्या अजून चिखलातून ओढाव्या लागतात.

झुबेरने कप खाली ठेवला. त्याचं गाव दाभोळजवळचं, आणि घरात तो गावचीच बोली बोलायचा.

"आतिका, तुजा काम लिवायचा हाय," तो म्हणाला. "लपवायचा नाय."

"नोकरी गेली तर? व्हिसा कंपनीचा आहे माझा."

"माजा व्हिसा हाय ना. माज्या व्हिसावर येशील."

लाईबा पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली की मम्मी, तुला बोलायची परमिशन नसेल, पण पेज नंबर लिहायची तर असेल ना. हे ती इंग्रजीतच म्हणाली, नेहमीसारखी. उत्तर खरंच इतकं सोपं होतं.

सकाळी सातला ती परीक्षितच्या केबिनमध्ये होती. परीक्षित कंपनीचा मॅनेजर, पुण्याचा, वयाने तिच्याहून लहान, आणि तिला ताई म्हणायचा. त्याने ते पान बघितलं. मग म्हणाला की आपण लिहिणारे लोक, आपण मध्ये पडलो असं एकदा पसरलं तर पुढे कोणी आपल्याला खोलीत घेणार नाही. आतिका म्हणाली, मी मध्ये पडत नाही. बाईंनी ज्या बैठकीचा उल्लेख केला तिची नोंद त्यांच्याच फाइलमध्ये कुठे आहे, एवढंच इतिवृत्तात लिहिते.

परीक्षितने पान पुन्हा एकदा वाचलं.

"पान नंबर लिहा, ताई," तो म्हणाला. "एक शब्द जास्त नको."

नऊ वाजता सगळे जमले. सरपंचबाई कोट घालूनच बसल्या होत्या, बॅग पायाशी. आतिका उभी राहून आदल्या दिवसाचं इतिवृत्त वाचू लागली. शेवटचं वाक्य आलं: महापौरांनी उल्लेख केलेल्या बैठकीची हस्तलिखित नोंद, दोन्ही शिष्टमंडळांच्या आद्याक्षरांसह, फाइलच्या पान एकशे त्रेचाळीसवर आहे.

अध्यक्षांनी लॅपटॉपवर पान शोधलं, मान वाकडी करून पाहिलं, मग फिरवलं. त्यांनी त्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या, आणि पुन्हा एकदा वाचल्या.

दक्षिणेचा अधिकारी आधी सावरला. हे नुसतं टिपण आहे, म्हणाला, याला करार म्हणत नाहीत, यावर कोणी बांधील नाही. त्याचं म्हणणं कायद्याने चूक नव्हतं. आतिकाला वाटलं, झालं, इथेही वाळू भरली.

पण उत्तरेचा अधिकारी अजून स्क्रीनकडेच बघत होता. केस पिकलेला, दोन दिवसांत फारसा न बोललेला माणूस. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "ते मी लिहिलं, आणि ते खरं आहे. आमच्या कार्यालयात ते बदललं तेव्हा मी वाचून सही केली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

त्यानंतर बाई बोलल्या. भांडल्या नाहीत. मागच्या हिवाळ्यात पुलाच्या मधोमध एक मूल जन्मलं, स्ट्रेचर बदलता बदलता, त्याची हकिकत त्यांनी सांगितली. मूल आणि आई ठणठणीत होती. पण जन्म कुठल्या देशात नोंदवायचा हे ठरायला अकरा महिने लागले, कारण तो निर्णयही राजधानीचा होता. गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, त्या म्हणाल्या. दक्षिणेच्या अधिकाऱ्याला हसू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

दहाला बैठक थांबली. तिकडे घड्याळ दोन तास मागे, मंत्रालयं नुकतीच उघडत होती. दोघं अधिकारी हॉलच्या दोन टोकांना फोन घेऊन उभे राहिले. उत्तरेचा वीस मिनिटांत परतला. दक्षिणेच्या अधिकाऱ्याला तीन फोन करावे लागले. तिसऱ्यात त्याचा आवाज चढला, आणि लॉबीत बसलेल्या आतिकाला भाषा कळत नसूनही एवढं कळलं की तो आता बाईंच्या बाजूने भांडतोय.

दुपारी अडीचला चौथं कलम मान्य झालं. निर्णय दोन्ही गावांच्या परिषदा एकत्र घेतील, सरकारं तो अमलात आणतील. वसंतातले तेच शब्द, एक अक्षर इकडेतिकडे नाही. मग सरपंचबाईंनी एक दहावं कलम मागितलं: यापुढे प्रत्येक बैठकीचं एकच इतिवृत्त असेल, सगळ्यांसमोर वाचलं जाईल, आणि त्याची प्रत गावांना त्याच दिवशी मिळेल. याला कोणी हरकत घेतली नाही. अध्यक्षांनी आतिकाकडे वळून विचारलं की याचा मसुदा तुम्ही लिहाल का. तिने दोन ओळींत लिहिला, आणि तो जसाच्या तसा ठेवला गेला.

सह्या झाल्यावर सरपंचबाई टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आल्या. इतिवृत्ताखाली लिहिणाऱ्याचं नाव का नाही, असं त्यांनी विचारलं. आतिका म्हणाली की तशी पद्धत नाही. बाईंनी पेन तिच्या हातात दिलं आणि समोर उभ्याच राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने कागदाच्या तळाशी आपलं नाव लिहिलं, आतिका झुबेर मुकादम, मनामा. परीक्षित दारात उभा होता. तो पुढे आला आणि त्याने त्या पानाचा फोटो काढला. तो ऑफिसात लावणार म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात खरोखरच लावला.

संस्थेने तिला सोडलं नाही. त्यांच्या वर्षातल्या चार बैठकांचं काम कंपनीला मिळालं, आणि पत्रात अट अशी होती की इतिवृत्त आतिका मुकादमच लिहितील.

एप्रिलच्या एका शुक्रवारी दोन्ही गावांच्या पहिल्या एकत्र बैठकीची प्रत ई-मेलने आली, सोबत एक व्हिडिओ. करार त्या महिन्यात अमलात आला होता. व्हिडिओत अख्खा पूल माणसांनी भरलेला होता, लहान पोरं कठड्याला टेकलेली. दक्षिणेकडून अँब्युलन्स आली, गर्दी दुभंगली, आणि ती मधल्या पांढऱ्या रेषेवरून न थांबता पलीकडे गेली. मागोमाग दक्षिणेकडूनच आलेल्या बंबाच्या टपावर सरपंचबाई बसल्या होत्या, तेच जाड बूट घालून, आणि दोन्ही हात हलवत होत्या. पोरं बंबामागे धावत सुटली.

झुबेरने इतिवृत्त वाचून दाखवायला सांगितलं. आतिका एकेक ओळ इंग्रजीतून गावच्या बोलीत आणत वाचू लागली. हजर सदस्य एकोणीस. विषय पहिला, अँब्युलन्सची वेळ. ठराव मांडला, हात वर झाले, विरोधात कोणी नाही.

"एकूनीसच्या एकूनीस?" झुबेरने विचारलं.

"हां," ती म्हणाली. "मोजूनशानी लिवलाय."