माझा बत्ता कुलपात होता तेव्हा

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना खलबत्ता आहे. जुना म्हणजे किती? हज्जा इन्शिराह नवरी होती तेव्हा तिच्या रुखवतात मी आलो, आणि आज तिच्या तोंडात स्वतःचे चारच दात उरले आहेत. कैरोच्या तांबट आळीत मला ओतले, घासले आणि सुतारांच्या या दुम्यात शहरात धाडले. तेव्हापासून लसूण आणि धणे कुटत आलो.

पण माझा खरा मान सातव्या दिवसाचा. बाळ सात दिवसांचे झाले की त्याला चाळणीत निजवतात, आई त्याला सात वेळा ओलांडते आणि घरातली म्हातारी त्याच्या कानाशी मला ठणाठण वाजवते. "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस! आजीचं तर ऐकच ऐक!" बाळ दचकते, बायका हसतात, पोरे मेणबत्त्या घेऊन फिरतात. गल्लीत कोणाकडेही बाळ झाले की मलाच बोलावणे यायचे आणि मी तोऱ्यात जायचो. पुढे मिक्सर आला, बाळंतपणे कमी झाली आणि मी फळीवर धूळ खात पडलो. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

हज्जाची सून राविया खुर्च्यांच्या नक्षीला सोनेरी वर्ख लावते. दोन मुली हाताशी आल्यावर, चाळिशीला टेकताना, तिने स्वतःचे दुकान थाटले. त्याला चार महिनेही झाले नव्हते, तोच ध्यानीमनी नसताना तिला दिवस गेले.

मूल ठेवायचे की नाही, हे तिचे ठरले नव्हते. नवऱ्याला, मुख्तारलाही तिने सांगितले नव्हते. पण औषधवाल्याच्या बायकोकडून बातमी हज्जाच्या कानी आली आणि म्हातारीला दम धरवेना. तिने मला खिडकीत ठेवून असे बडवले की सगळी गल्ली दुपारच्या झोपेतून उठली. मीही खुशीत घणघणलो. किती वर्षांनी वाजत होतो!

माझा आवाज म्हणजे बाळ, हे गल्लीला पाठ. शेजारीण तहानी बाळंतिणीला पाजायचे मुघात नावाचे गरम पेय पातेलेभर घेऊनच आली.

"बाळ कुठंय गं?"

"पोटात. मुगाएवढं असेल अजून," हज्जा म्हणाली.

"मग हे पाजू कुणाला? तुला?"

तेवढ्यात राविया दारात आली. तिला सगळे कळले. तिने बायकांना बसवले, मुघात सगळ्यांना वाढले आणि त्या गेल्यावर हज्जाच्या हातातून बत्ता काढून घेतला.

"हज्जा, हा माझ्या कपाटात राहील. माझं ठरलं तर वाजेल, नाही ठरलं तर नाही वाजणार."

"मूल काय ठरवून होतं होय? देणारा देतो."

"देणारा देतो, पण वाढवतं कोण? दोन वाढवल्यात मी. तुम्ही नि तुमचा लेक बघत होतात."

कुलूप लागले. बत्त्याशिवाय खल म्हणजे नुसते भांडे. मी रावियावर फार रागावलो. मला ते मूल हवे होते, कारण मला वाजायचे होते.

संध्याकाळी मुख्तार स्वयंपाकघरात आला. "तू म्हणशील ते," तो म्हणाला.

"ते नको सांगूस. तू काय करशील ते सांग."

तो जाऊन जेवायला बसला. मूल न ठेवण्याची वाट आमच्याकडे चोरवाट आहे आणि जिवावर बेतू शकते. तीही तिने डॉक्टरीणबाईंपुढे बसून तोलून पाहिली. ती रडली नाही. माझ्यासमोर बसून थोरल्या मुलीला एवढेच म्हणाली, "मला मुलाची भीती नाही गं. पुन्हा एकटीनं सगळं करायची आहे."

मुख्तार दाराशी होता. दुसऱ्या दिवशी तो तिच्यापुढे उभा राहिला. "बत्ता दे. मुलुखियाच्या भाजीला लसूण कुटायचाय."

"येतं तुला?"

"नाही."

पहिल्याच दिवशी त्याने अंगठा ठेचून घेतला. "बाप्यानं बत्ता धरला, आता कोंबडा अंडी घालील," हज्जा म्हणाली. पण तो रोज कुटत राहिला, रांधत राहिला, भांडी घासत राहिला. भाजी कधी खारट, कधी करपलेली. रोज रात्री राविया बत्ता धुऊन पुन्हा कुलपात ठेवायची. सोळाव्या दिवशी मात्र तिने तो माझ्यात ठेवला.

"मी ठेवणार हे मूल. दुकान बंद होणार नाही. सकाळी बाळ मुख्तार बघेल. दुपारी हज्जा, तुम्ही. नाही जमलं तर मी गप्प बसणार नाही."

हज्जाने पहिल्यांदाच मान खाली घातली. "जमवीन बाई," ती म्हणाली.

मुलगी झाली. सातव्या दिवशी गल्ली जमली. हज्जाने बत्ता उचलला, तशी राविया म्हणाली, "थांबा. आधी तुम्ही दोघं कान इकडं करा."

हज्जा आणि मुख्तार माझ्याशेजारी वाकले. रावियाने स्वतः ठोका घातला. "आईचं ऐका!" बायका हसून लोळल्या. मुख्तारने कान चोळले, पण तो हसला नाही.

मित्रांनो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. साठ वर्षे मी हे वाक्य बाळांना ऐकवत आलो, ज्यांना काही कळत नाही. ज्यांनी ऐकायला हवे होते ते शेजारी टाळ्या वाजवत उभे असायचे.

मला ओला ठेवू नका, अधूनमधून लिंबू-मीठ लावून घासा. आणि कोणाच्या पोटातली बातमी कळली, तर मला हात लावण्याआधी तिला विचारा. मी थांबेन. मला आता सवय झाली आहे.